काडीमास्तरांची उडती छत्री

काडीमास्तरांकडे छत्री दुरुस्तीला टाकली, की ती परत आणायला जाताना जरा सवड काढूनच जावं लागे. मास्तर छत्री नुसती हातात ठेवत नसत. आधी ती उघडत, उजेडासमोर धरत, तिच्या पोटात डोकं घालून, एक डोळा मिटून कापडाचा इंच न् इंच तपासत. मग गिऱ्हाइकाला तिच्याखाली उभं करत आणि स्टुलावर चढून वरून अर्धी बादली पाणी ओतत. डोक्यावर एक थेंब पडला तर मजुरी नको, असं आधीच बजावत. एकदा शेजारच्या दुकानातला न्हावी ही गंमत अगदी जवळून बघायला आला. गिऱ्हाईक ठणठणीत कोरडं राहिलं आणि छत्रीवरून ओघळलेलं सगळं पाणी न्हाव्याच्या मानेतून पाठीत उतरलं. तो तणतणायला लागला, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "हमी छत्रीखालच्या माणसाची आहे, बघ्यांची नाही." त्या दोघांची मैत्री त्या दिवसापासूनची.

मास्तरांची अंगकाठी म्हणाल तर छत्रीच्या काडीसारखी. बारीक, सरळ, आणि शेंड्याला किंचित वाकलेली. ते वाकणं मात्र दुकानाची देणगी होती. दुकान एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली. चार पावलं लांब, दोन पावलं रुंद, आणि छप्पर म्हणजे जिन्याचीच तिरकी पाठ. पहिलं वर्षभर पाचव्या पायरीच्या पोटाशी मास्तरांचं कपाळ रोज एकदा तरी आपटायचं. दुसऱ्या वर्षी मान आपोआप वाकायला लागली, आणि मग ती घरातही वाकायची, मोकळ्या मैदानातही वाकायची. बायको म्हणे, आभाळ काही इतकं खाली नाही हो.

त्रेचाळीस वर्षं त्या माणसानं एकच काम केलं. मोडलेली काडी सरळ केली, अडकलेला खटका सोडवला, आणि भोकं बुजवली. भोकं बुजवण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ठिगळ असं बसवत, की दुसऱ्या दिवशी त्यांनाही ते शोधायला भिंग लागायचं. रस्त्यानं जाताना कुणाच्या सदऱ्याला भोक दिसलं, तरी त्यांचा हात खिशातल्या सुईकडे जायचा. जावईबापूंच्या सदऱ्याला असंच एकदा त्यांनी बोलता बोलता, अंगावर असतानाच, टाका घातला होता. जावयाला कळलं ते रात्री, सदरा काढताना बनियनही बरोबर निघालं तेव्हा.

पण अलीकडे छत्र्या येईनाशा झाल्या. लोक नवी घेत, मोडली की टाकून देत. काठीला खालून बसवायचे रबरी बूट तेवढे विकले जात, तेही आठवड्याला दोन-तीन. मास्तर सकाळी दुकान उघडत, पक्कड पुसत, दोऱ्याला मेण लावून ठेवत आणि पाचव्या पायरीकडे बघत बसत. हे त्यांच्या मुलानं पाहिलं. मुलगा मोठ्या पार्किंगच्या कचेरीत होता. त्यानं साहेबाकडे शब्द टाकून फाटकावरची एक जागा धरून ठेवली. पावत्या फाडायच्या, एवढंच काम. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा.

मास्तर त्यावर "बघू" म्हणाले. आता मास्तरांचं "बघू" म्हणजे "नाही", हे बायकोला चाळीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. मुलानं मात्र ते "हो" धरलं आणि साहेबाला कळवूनही टाकलं. मग घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी मुलगाच समोर येऊन बसला.

"बाबा, महिनाअखेरपर्यंत थांबतो. तोवर हाताला पुरेल असं काम मिळालं, तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही मिळालं, तर एक तारखेला खुर्चीत."

"पंख्याखाली," मास्तर म्हणाले.

"हो, पंख्याखाली. त्यात वाईट काय आहे?"

वाईट काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. मास्तर कबूल झाले. दिवस उरले होते बावीस.

आता या बावीस दिवसांत जे घडलं, त्याला कारण झाली त्यांची सात वर्षांची नात. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी असलेली कुणी पाहिलेली नव्हती. तिला मास्तरांनी एक खेळणं करून दिलं होतं. छत्रीच्या कापडाचा रुमालाएवढा तुकडा, त्याला चारी कोपऱ्यांना दोरे आणि खाली एक नटबोल्ट. गच्चीवरून सोडलं की तरंगत खाली यायचं. पण गच्चीचा कठडा ठेंगणा, म्हणून भिंगरीच्या आईनं गच्चीला कुलूप घातलं. भिंगरी ते खेळणं घेऊन जिन्याखाली आली आणि आजोबांपुढे आपटून म्हणाली, हे काही कामाचं नाही. मला खालून वर फेकता येईल असं पाहिजे. फेकलं की बंद असलं पाहिजे, वर गेलं की आपलं आपण उघडलं पाहिजे. आणि हळू खाली आलं पाहिजे.

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"आणि लाल पाहिजे."

मास्तर हसले. पण ती गेल्यावर पक्कड हातात घेऊन तसेच बसून राहिले. खालून फेकायची छत्री. वर जाताना मिटलेली, येताना उघडलेली. त्रेचाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक त्यांच्याकडे आलं नव्हतं.

पहिल्या झटक्यात त्यांनी जे केलं, ते कुठलाही छत्रीवाला करेल. बटण दाबलं की उघडणारी एक मोडकी छत्री होती, तिची स्प्रिंग काढली, आखूड केली, दांड्यात बसवली, वर खटका लावला. वस्तू दिसायला नामी होती. ती खिशात ठेवून मास्तर न्हाव्याकडे दाढी करायला गेले. न्हाव्यानं गालाला साबण लावला, वस्तरा उचलला, आणि मास्तरांनी जरा मांडी बदलली. खिशात खटका सुटला. खिसा फाटून छत्री फाडकन उघडली. न्हाव्यानं वस्तरा टाकून भिंत गाठली, आणि रांगेत पेपर वाचत बसलेला माणूस पेपरासकट रस्त्यावर गेला. न्हावी पुढे कित्येक दिवस मास्तरांना खुर्चीत बसवायच्या आधी खिसे रिकामे करायला लावी.

स्प्रिंग जड, खटका अवखळ. तो विचार सोडला. मग रबरबँड. तो हातातून सुटायच्या आतच उघडे आणि सगळं प्रकरण ओल्या फडक्यासारखं पायाशी पडे. मग मास्तरांच्या ध्यानात आलं, की उघडायला जोर लावायचा नाही, उशीर लावायचा आहे. त्यांनी कापड गुंडाळलं, त्यावर दोरेही गुंडाळले आणि फेकलं. हवेत गेल्यावर दोरा भोवरा सुटल्यासारखा उलगडेल आणि संपला की कापड मोकळं होईल, असा हिशेब. हिशेब बरोबर होता. पण कापड त्यांनी छत्री मिटतात तसं मिटलं होतं. पाकळीवर पाकळी घट्ट, एकाच बाजूला वळवून, वर हातानं दाबून. दोरा सुटे, कापड मात्र तसंच आवळलेलं राही. दगड होऊन वर जाई आणि दगड होऊनच खाली येई. एक तर समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पायजम्याच्या पायात जाऊन बसलं. पायजम्याच्या मालकानं ते आणून दिलं, पण पायजमा कसा घालावा हे तुम्ही मला शिकवू नका, असंही ऐकवलं.

बायको हे सगळं दारातून बघत होती. तिनं सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घातल्या होत्या. ती पुढे आली, मास्तरांच्या हातातून कापड घेतलं आणि त्याची पुढे-मागे, पुढे-मागे अशी पंख्यासारखी घडी घातली.

"आमच्याकडे चादर एका हिसक्यात उघडावी लागायची," ती म्हणाली. "पेशंट उभा असतो, त्याला धरून ठेवलेली नर्स उभी असते. तिथं तुमच्यासारखं गुंडाळून ठेवलं तर पेशंट बरा होऊन घरी जाईल."

तिच्या घडीचं पहिलंच फेकलं, तर कापड वर जाऊन असं उघडलं, की मास्तर बघतच राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला दोनदा चहा करून दिला. ती दोन्हीदा तो पुन्हा उकळून प्यायली.

पुढचं काम दोऱ्याच्या वेढ्यांचं. दोन वेढे दिले तर दिव्याच्या खांबाच्या उंचीवरच उघडे. चार दिले तर उघडेपर्यंत जमीन येई. तीन वेढे, तेही सैल, हे गणित पाच दिवसांनी बसलं. खालच्या वजनाला नटबोल्ट नको, कुणाच्या डोक्यात पडायचा, म्हणून काठीचा रबरी बूट घेतला. आत कापसात लपेटलेली चिमूटभर वाळू भरली, वरून तोंड शिवून टाकलं. हातात घेतला तर कोवळ्या वांग्यासारखा गुबगुबीत लागे. वरती आठ पाकळ्यांचं कापड, आठ दोरे, सगळे एका मापाचे.

रस्त्यापलीकडे खेळण्यांचं दुकान होतं. तिथल्या बाईंना सगळे बाहुलीबाई म्हणत, पण तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. बाई जाड भिंगाच्या चष्म्यातून आधी माणसाकडे बघत आणि मग खेळण्याकडे, आणि दोघांतही खोट काढत. नवीन खेळणं आलं की त्या ते तासभर पोरांच्या हाती देत आणि तासानं काय शिल्लक आहे ते बघत. बरेचदा नुसती चाकं शिल्लक असत. बाईंनी मास्तरांचे प्रयोग आपल्या काचेतून पाहिले होते. एक दिवस रस्ता ओलांडून आल्या. खेळणं दाबून पाहिलं, ओढून पाहिलं, दाताखालीही धरून पाहिलं.

"येत्या गुरुवारी माझं दुकान बंद आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या पटांगणात या. दहा वेळा फेकायचं. तुम्ही नाही, पोरं फेकतील. दहातून नऊ वेळा उघडलं पाहिजे आणि पटांगणातच उतरलं पाहिजे. तसं झालं तर मला पन्नास द्या, आणि संपली की आणखी. नाही झालं तर मला पुन्हा दाखवू नका."

गुरुवार म्हणजे महिन्याची एकोणतीस तारीख. म्हणजे खुर्चीच्या दोनच दिवस आधी.

मास्तरांनी आठ छत्र्या शिवल्या. त्या उघडत छान, पण उघडल्यावर डुलायला लागत. झोपाळ्यासारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मग एका बाजूला कलंडून तिरकी पळत. एक गटारात गेली, एक न्हाव्याच्या पाटीवर बसली, एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून थेट कुणाच्या तरी ताटात. मास्तरांना वाटलं दोरे कमीजास्त असतील. मोजले, एका केसाचाही फरक नव्हता. मग वाटलं कापडाला चुण्या आहेत. म्हणून बायकोला इस्त्री करायला दिलं.

बायकोनं सात कापडं सुरेख केली. आठवं, ते नेमकं लाल, त्याच्या मधोमध इस्त्री टेकवली आणि तेवढ्यात दारावर सूनबाईंनी हाक मारली. परत येईपर्यंत शेंड्याला सदऱ्याच्या गुंडीएवढं भोक पडलं होतं. मास्तरांनी भोकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि उरलेली सात उचलून घेतली. बायकोनंच ते कापड उचलून भिंगरीला देऊन टाकलं, की खेळ बाई, वाया गेलं.

भिंगरी ते दिवसभर उडवत होती. मास्तर आपल्या सात छत्र्यांच्या मागे गटारापाशी, पाटीपाशी, खिडकीखाली धावत होते, आणि भिंगरी जिथून फेकी तिथेच उभी राहून हात पुढे करी. छत्री सावकाश येऊन तिच्या हाताशी उतरे. एका जागी न थांबणारी पोर एका जागी थांबलेली सगळ्या गल्लीनं पाहिली. सूनबाईंनी तर तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मास्तरांनीही पाहिलं, पण त्यांना वाटलं, पोरीचा हात चांगला आहे, आणि तिच्या बाजूला वारा कमी लागतो.

बुधवारी दुपारी त्यांनी ठरवलं, न्यायची तर तीच लाल छत्री. आठांत शहाणी तीच. भिंगरी शाळेत गेली होती. त्यांनी छत्री मांडीवर घेतली, उजेडासमोर धरली, आणि शेंड्याचं भोक दिसलं. मग काय विचारता. भोक असलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, ती काडीमास्तरांनी? त्यांचा हात आपोआप सुईकडे गेला. लाल कापडाचा गोल कातरला, कडा आत दुमडल्या, मेणाच्या दोऱ्यानं मोहरीएवढ्या टाक्यांत ठिगळ बसवलं. तास गेला. शेवटी स्टुलावर चढून वरून पाणी ओतलं. खाली एक थेंब आला नाही. मास्तर त्या दिवशी फार समाधानानं जेवले. पॅराशूटवर पाणी ओतून बघणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल.

गुरुवारी पटांगणात बाहुलीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात वही होती. शेजारच्या इमारतीतली तीन पोरं बोलावली होती, त्यांत एक अंगठा चोखणारी होती. न्हावी दुकान नोकरावर सोपवून आला होता. बायको आली होती. भिंगरी होतीच. मुलगाही कचेरीतून सुटी काढून आला होता, पण तो भिंतीशी लांब उभा राहिला.

मास्तरांनी पोरांना घडी कशी घालायची, वेढे किती द्यायचे ते दाखवलं. पहिल्या पोरानं फेकली. वर गेली, उघडली. आणि डुलायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कलंडली आणि भिंतीपलीकडे गेली. बाईंनी वहीत फुली मारली. दुसऱ्यांदा गेली ती पटांगणाच्या नळाखाली. तिसऱ्यांदा तिरकी धावत आली आणि बाईंच्या चष्म्यावर बसली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि तिसरी फुली मारली.

खरं तर दुसऱ्या फुलीलाच खेळ संपला होता, आता तर तीन झाल्या. मास्तरांनी छत्री उचलली. दोरे बघितले, घडी बघितली, काहीच चुकलं नव्हतं. मुलानं भिंतीशी पाय बदलला. मास्तरांना पंख्याचा घरघर आवाज ऐकू यायला लागला.

तेवढ्यात भिंगरीनं येऊन छत्री त्यांच्या हातातून ओढून घेतली. उलटीपालटी केली. शेंड्यावरून बोट फिरवलं.

"आजोबा, भोक कुठंय?"

"बुजवलं."

"का?"

त्रेचाळीस वर्षांत त्यांना तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. भोक बुजवायचं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

"भोकवालीच सरळ यायची," भिंगरी म्हणाली. "ही तुम्ही बिघडवली."

न्हावी खोकला. मास्तर छत्रीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी फुगवून धरली आणि कापडाच्या पोटात, वर, तोंड घालून फुंकर मारली. फुंकर वर गेली, कापडाला आपटली, आणि परत त्यांच्याच नाकावर आली, कडेकडेनं. पुन्हा मारली, पुन्हा कडेनं आली, या वेळी उजवीकडून. तसं त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. आत कोंडलेल्या हवेला वाट पाहिजे. वर नाही मिळाली, तर ती कड उचलून एकदा डावीकडून निसटते, एकदा उजवीकडून, आणि छत्री बिचारी तिच्यामागे डुलते. शेंड्याला थोडी वाट दिली, तर ती गुमान वरून जाईल. पाऊस अडवायचा तेव्हा भोक नको. वारा अडवायचा तेव्हा भोक पाहिजे.

समजलं ते सगळं. पण आता हे करायचं कुणी? ठिगळ उसवावं, तर टाके असे घातलेले, की दुपार गेली असती. कापायलाच हवं होतं. मास्तरांनी खिशातून कातरी काढली, कापडाच्या शेंड्याशी नेली, आणि हात थांबला. धडधाकट कापड होतं. खाली थेंब येत नव्हता. असल्या कापडाला त्यांनी आजवर सुईनंसुद्धा विनाकारण टोचलं नव्हतं.

"कापा की," बाहुलीबाई म्हणाल्या. "कापड तुमचंच आहे."

"कापड माझंच आहे हो बाई. हात ऐकत नाही."

बायको पुढे आली. ती त्यांच्या कानाशी म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "इस्त्री आणू का? माझा हात ऐकतो."

मास्तरांना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच कातरी चालून गेली. गुंडीएवढा लाल गोल खाली पडला. तो त्यांनी वाकून उचलला, फुंकला आणि खिशात ठेवला.

बाहुलीबाईंनी वहीचं पान उलटलं. नव्या पानावर नवीन दहा, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी पेन्सिलीनं कोऱ्या पानावर ठोका दिला, तो तसाच ऐकू आला.

पहिल्याच फेकीला छत्री वर गेली, उघडली, आणि तिथं आभाळात क्षणभर टांगून ठेवल्यासारखी थांबली. मग इतकी सरळ खाली आली, की फेकणाऱ्या पोराला एक पाऊलही हलावं लागलं नाही. दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथीला न्हावी टाळ्या वाजवायला लागला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, तसे त्यानं हात पाठीमागे घेतले. आठ फेकी बरोब्बर उतरल्या. नववी अंगठा चोखणारीनं फेकली. तिनं एका हातानं वेढे देताना किती दिले कोण जाणे. छत्री वर गेली तशीच गुबगुबीत बुटासारखी खाली आली. एक फुली.

आता सगळं दहाव्या फेकीवर आलं. पोरं फेकायला भांडायला लागली, तशी बाईंनी वही खुर्चीवर ठेवली, उठल्या आणि हात पुढे केला.

"मी फेकते."

"पोरांनी फेकायचं ठरलं होतं," मास्तर दबकत म्हणाले.

"मी पण कुणाची तरी पोर होते," बाई म्हणाल्या.

त्यांनी घडी घातली, पुढे-मागे, पुढे-मागे. तीन वेढे दिले, सैल. मागे वाकल्या, आणि त्या वयाच्या बाईकडून कुणी अपेक्षा करणार नाही इतक्या जोरात फेकली. छत्री इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्याही वर गेली आणि उघडली. सगळ्यांच्या माना वर. मास्तरांची मानसुद्धा सरळ वर झालेली बायकोनं पाहिली. त्यांचं लक्ष छत्रीच्या मधल्या भोकाकडे होतं. त्यातून आभाळाचा एक गोल तुकडा दिसत होता, आणि तो न हलता सरळ खाली येत होता.

बाईंनी ती वरच्यावर झेलली. मग खुर्चीत बसल्या, वही उघडली आणि नववी खूण केली.

"पन्नास," त्या म्हणाल्या. "लाल जास्त करा. आणि हे भोक गोलच ठेवा, चौकोनी नको. चांगलं दिसतं."

मुलगा भिंतीपासून निघून जवळ आला. त्यानं बाईंच्या हातून छत्री घेतली, उलटून पाहिली, आणि लहानपणी बोलायचा तशा आवाजात विचारलं, "बाबा, मी एकदा फेकू?"

"वेढे तीन," मास्तर म्हणाले. "आणि त्या साहेबाला सांग, खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे. पंखा चांगला आहे म्हणतात."

तेव्हापासून जिन्याखाली सकाळपासून कामाचा आवाज असतो. मास्तर शिवतात आणि कापतात, बायको समोर स्टुलावर बसून घड्या घालते आणि धुलाईखात्यातल्या गोष्टी सांगते. मधूनच इस्त्रीचा विषय काढते. ते पहिलं भोक आपलं, हे ती विसरू देत नाही. मुलगा कचेरीतून येताना डोकावतो. एकदा त्यानं एक पाकळी शिवूनही पाहिली. मास्तरांनी ती त्याच्या पाठीमागे उसवून पुन्हा शिवली.

कापलेले गोल मात्र मास्तर टाकत नाहीत. चहाच्या एका रिकाम्या डब्यात भरून ठेवतात. लाल, पिवळे, निळे, सगळे गुंडीएवढे. परवा न्हावी आपली काळी छत्री घेऊन आला. वस्तऱ्याच्या टोकानं तिला भोक पडलं होतं. मास्तरांनी उजेडासमोर धरली, एक डोळा मिटला, मग डबा उपडा करून त्यातला एक लाल गोल निवडला आणि शिवायला घेतला.

"काळ्याला लाल?" न्हावी म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. पाणी नाही येणार," मास्तर म्हणाले, शेवटचा टाका घालून छत्री उघडली, आणि स्टुलाखालची बादली पुढे ओढली.

न्हावी त्याआधीच छत्रीखाली जाऊन उभा राहिला होता.